कपावरचा चमचा

— बसून बघा, बाई. नुसता हात फिरवून ध्यानाचा पाट कळत नाही. गुडघे टेका, पाय मागे पाटाखाली घ्या — हां — आता भार सोडा. ब्लॅकवुड आहे. आमच्याच बागेमागे पडलेलं झाड. खिळा एक नाही, सगळं खाचेत बसवलंय. मी केलाय. शाळेत फार गेलो नाही, पण लाकूड मला कळतं. दुकानातली चिठ्ठी वाचून हॉबार्टहून एवढ्या सकाळी आलात, तर नीट बघून घ्या. — कुणाचा? बायकोचा. ग्लेनिसचा. नको झालाय तिला. म्हणजे — ती इथं नाही. बर्नीला गेलीय, बहिणीकडे, जॉयसच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. रविवारी येईल. — तिला? तिला कशाला माहीत असायला हवं? लाकूड माझं, रंधा माझा. कीड लागली, चुलीत घातला म्हणून सांगेन.

नाही हो, भांडण कसलं. भांडायला समोर माणूस तर हवं. लग्न झाल्यापासून एकच रीत — सकाळी किटली शिट्टी मारते, ती चहादाणीत पाणी ओतते, वर लोकरीची टोपी चढवते, आणि चहा मुरेपर्यंत आम्ही दोघं मागच्या पायरीवर. समोर बाग. छाटणी असो, तोडणी असो, धुक्यात झाड दिसत नसो. बोलायचो? काय बोलायचं? सफरचंदं दिसतायत ना. तिचा खांदा इथं, माझा इथं, बास. आणि मग आला तो मर्व्ह टोलंड. पोरवयात आमच्याकडे तोडणीला होता — पेटीत फळ असं टाकायचा की निम्मी डागाळायची. माझ्या बापाने हाकलला त्याला. तो गेला थायलंडला, डोकं भादरून कुठल्या मठात राहिला, आणि परतला तो गुरुजी होऊन! आता दर मंगळवारी गावच्या हॉलमध्ये खोऱ्यातल्या सगळ्या बायका त्याच्यापुढे डोळे मिटून बसतात. कशाला? तर गप्प बसायला शिकायला! मी म्हटलं, ग्लेनिस, अगं, मी जन्मभर तुझ्याशेजारी गप्पच बसलोय की. हसली. त्याचं गप्प बसणं म्हणजे शांती, आणि माझं म्हणजे तुसडेपणा. आहे की नाही?

तुमचं काय, ध्यान चार दिवस जमतं आणि सुटतं? सगळ्यांचं तेच. नवी सवय मोकळी सोडली की पळते. जुन्या सवयीच्या खुंटीला बांधायची. थोडंच बसायचं, पण रोज. एखादा दिवस हुकला तर कपाळ बडवायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. मन भटकलं की चुकार मेंढरासारखं वळवून आणायचं, काठी न मारता. — मला कसं माहीत म्हणजे? ती बडबडायची ना घरात, मर्व्ह असं म्हणतो, मर्व्ह तसं म्हणतो. कान आहेत मला. तर हिने कुठल्या खुंटीला बांधावी? चहाच्या! आमच्या चहाच्या! टोपी चढली की बाईसाहेब या कोपऱ्यातल्या खोलीत, दार लोटून. तिकडे चहा कडूजहर होतोय, आणि पायरीवर मी आणि कुत्रा. तोही दाराकडे बघायचा, मग माझ्याकडे. आणि बाहेर यायची तेव्हा चेहरा असा — तो लग्नातला फोटो बघा भिंतीवरचा, तसा. इतक्या वर्षांत मला तो पुन्हा आणता आला नाही, आणि हा डागाळ्या आणतो! मग मी चमचा घ्यायचो आणि कपावर मारायचो. टण्. बास झालं, ये बाहेर. रोज.

मग पाट का केला? — कारण तो करून देणार होता! खोक्याच्या फळ्यांचा. माझ्या घरात, माझी बायको, त्याच्या फळीवर बसणार? मी हयात असताना?

ते? कडेला जाड लोकरी कापड आहे. परवाच लावलं. ती कड मांडीला रुतते, आणि डावा पाय आधी बधिर होतो — तिचा. तिचाच. विकायची वस्तू नीट करून द्यावी माणसाने. त्यात हसण्यासारखं काय आहे?

आणि बर्नीला गेल्यावर काय झालं ऐका. गेल्या गेल्या सकाळी फोन, बरोबर चहाच्या वेळेला. मला वाटलं, आली आठवण. तर म्हणते, क्लाइव्ह, इथं बसणंच जमत नाही. जॉयसचं घर, जॉयसचं तोंड, आणि तुझा चमचा नाही. म्हटलं, कसला चमचा? म्हणते, हॉलमध्ये मर्व्हची घंटा असते, घरी तुझा चमचा. तू वाजवणार, मला उठवणार, हे ठाऊक असतं म्हणून तर माझे डोळे मिटतात. — बाई, मी रागाने आपटायचो हो! रागाने! आणि ही त्याची वाट बघत बसायची. तेव्हापासून रोज फोन. बोलत नाही. फोन टेबलावर उताणा ठेवायचा, चहा मुरू द्यायचा, मग चमचा. मधे मी? मी काय करणार. बसतो. — इथंच बसतो, आणखी कुठे? खाली थंडी असते, म्हणून पाटावर. किती खोदून विचाराल!

पण परवाच्या मंगळवारी जॉयस सांगते, मर्व्हचाही फोन आला होता. अर्धा तास. हसत होती म्हणे. अर्धा तास! माझ्याकडे नुसता श्वास, आणि त्याच्याकडे हसू. मी थेट दुकानात गेलो आणि चिठ्ठी लावली. पाट विकणे आहे. जाऊ दे कुणाच्याही घरी. येऊन बसू दे तिला फरशीवर, मग बघू कोण आठवतं —

किटली. ऐकलीत? उठा. अहो, उठा त्यावरून. नाही, विकायचा नाही. बघितलं ना मी, तुम्हाला उंच होतोय. मर्व्हकडे जा, तो देईल खोक्याच्या फळीचा, त्याला काय, कुणालाही देतो. पाट तिथं ठेवा, खिडकीपाशी. तिरका नको, सरळ. आणि जाताना फाटकाची कडी घाला, वॉलबी शिरतात बागेत. — फोन आला बघा. सरका.

ग्लेनिस? — कुणी नाही. चुकलेलं गिऱ्हाईक. चाललंय. — हो, टोपी घातली. — कुत्रा बरा आहे. — काय म्हणाला तो मर्व्ह? — नको, राहू दे, मग सांग. — आहे, चमचा हातातच आहे. तू मीट डोळे. — बाई, फाटक. हळू लावा.