पास्कूचा गडगा

प्रशिक्षणाला गेल्यापासून माझा नुसता गोंधळ उडालाय. तुम्हीच सांगा आता.

परवा ओरोसला आम्हा वकिलांचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "स्वतःचीच एखादी चालू केस घ्या आणि समोरच्याची बाजू मांडा. फक्त नावं सांगू नका." मी पास्कूची केस घेतली. पास्कू माझा अशील. शेजारणीची विहिरीकडची वाट त्याने दगडी गडगा घालून बंद केलीय, म्हणून ती कोर्टात गेलीय. मी शेजारणीच्या बाजूने असा काही बोललो, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मागच्या दारातून वाजत होत्या. बघतो तर पास्कू! कलेक्टर ऑफिसात काम होतं, म्हणून मला भेटायला डोकावला होता.

मी धावत बाहेर गेलो. "पास्कू, तू कधी इलंस?"

"मघाशीच इलंय. वकीलसाहेब, काय बोललास तुमी! तिची म्हातारी सासू कळशी घेवन लांबच्या वाटेन जाता, ह्यां माज्या डोक्यातच नाय इला. उद्याच गडगो पाडतंय."

"अरे रव रे! तो नुसतो सराव होतो. माका तसाच बोलूचा होता."

"म्हणजे सासूचा खोटा?"

"नाय, ता खरा. पण आपली बाजू वेगळी आसा."

पास्कू अगदी काळजीने म्हणाला, "मगे कोर्टात माज्यासाठी बोलतास, तो पण सरावच काय?"