दशांशचिन्हानंतरचे सोळा अंक

नाही हो, टीव्हीवर मुंग्या आल्यात असं सगळ्यांनाच वाटतं — फोटोच आहे तो. स्टूल घ्या ना साहेब, टेबलाला तेवढा धक्का लावू नका, लेझर हलला की माझी सकाळ वाया. तर हा फोटो लेझरच्या उजेडात दोन काचांतून पाठवला की त्याचा असा रवा होतो — दिसायला बाथरूमच्या खिडकीसारख्या काचा, पण त्यांच्यावरची खडबड एका आकड्यातून काढलेली. एकच गणित, आलेलं उत्तर पुन्हा त्यातच घालायचं, पुन्हा घालायचं, हजारदा. दशांशचिन्हानंतर सोळा अंक. शेवटचा एक चुकला तर काय होईल — फोटो थोडा पुसट? छे, नुसता रवा. पन्नास-साठ फेऱ्यांत गणित भलतीकडेच जातं.

कोर्टानं पाठवलंय म्हणालात ना? मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. उद्या अकराला कोर्टासमोर तशाच काचांतून उलटा उघडायचाय तो. कारखान्याचं फाटक आहे त्यात — आत आग आणि बाहेरून कुलूप, भर दुपारी. माझी धाकटी बहीण आत होती, पॅकिंगला. मालक म्हणतो फाटक उघडंच होतं. म्हणू दे. पहारेकऱ्यानं फोटो काढला, इथे आणून दिला, आणि आठ दिवसांत बिचारा ट्रकखाली गेला. त्याचा फोन अजून सापडलेला नाही. तेव्हापासून मी कुणावर विश्वास ठेवत नाही — तुमची गोष्ट वेगळी, तुमच्याकडे पत्र आहे.

काचा? फोडल्या की. मीच, हातोडीनं. आकडा असला की तशाच पुन्हा कोरता येतात, दोन तासांचं काम. आणि नक्कल? नाही ठेवली — मूळ फोटोची नाही, आकड्याचीही नाही; वहीत नाही, कॉम्प्युटरवर नाही. लॅबचे सर ओरडले, एक तरी नक्कल ठेव म्हणाले, पण मी कसली ऐकते. आकडा आईलासुद्धा नाही सांगितला. इथे, या डोक्यात आहे. कोण चोरणार? चोरायला आधी मला — हसलात का?

नाही, काही नाही. एवढा वेळ बसलात, काचांचं विचारलंत, नकलेचं विचारलंत, आणखी कुणाला माहीत आहे का तेही विचारलंत. आकडा मात्र विचारलाच नाहीत. तुम्हाला नकोय का तो?

साहेब, आमचे सर येतीलच आता, ते — हो, सुट्टीवर आहेत, मीच सांगितलं नाही का मघाशी. दार राहू दे उघडं. राहू दे म्हणते ना. अहो, कडी —