आईचा रिबाउंड

आज जरा आईची बढाई मारतो, मारू द्या. परवा माझ्या नोएडाच्या ऑफिसातला गौरव घरी आला होता. हा मूळचा नागपूरचा. मोबाईलवर ऑनलाइन बिलियर्ड्स खेळतो, व्हिडिओ बघून रोज प्रॅक्टिस करतो. म्हटलं, "आईशी खेळून बघ." आई रिटायर झाल्यापासून तोच गेम खेळते.

तो हसला. मग दोघं सोफ्यावर आपापला फोन घेऊन बसले आणि हा हरतच गेला. शेवटचा बॉल तर आईने समोरच्या कडेवर आपटला, उलटा आणला आणि पॉकेटमध्ये घातला.

गौरव म्हणाला, "काकू, हे प्रॅक्टिसने येत नाही यार. तुमच्यात उपजतच आहे."

मला वाटलं आई खूश होईल. तिने चष्मा काढून ठेवला.

"उपजत कसलं? आमच्या सरकारी ऑफिसात थंडीत लंचला बाकी सगळ्या बायका लॉनवर उन्हात स्वेटर विणायच्या. पुरुषांच्यात कॅरम खेळायला मी एकटी. माझा नेम चुकला की अख्खं सेक्शन हसायचं."

"मग?" गौरवने विचारलं.

"मग काय, चुकणं सोडून दिलं."