मधल्या ओळीतलं गाव

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय मुख्य अभियंतासाहेब, व्यासपीठावरचे ज्येष्ठ अधिकारी, पाट्यांच्या कार्यशाळेतले माझे सहकारी, नकाशे काढणाऱ्या खोलीतल्या मुली, आणि तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेली माझी ताई,

अध्यक्षसाहेबांनी आत्ता ज्या गृहस्थाचं वर्णन केलं, त्याला भेटायची मला फार इच्छा आहे. एकतीस वर्षं मी इथेच आहे, पण आमची गाठ कधी पडली नाही.

महामार्गाच्या हिरव्या पाटीवर कोणत्या गावांची नावं लिहायची, हे ठरवणं माझं काम. तुम्ही मला माघारी 'पाटीसाहेब' म्हणता, हे मला ठाऊक आहे. या कामाची गंमत अशी की, ज्याचं गाव पाटीवर नाही तो प्रत्येक माणूस मला शोधून काढतो. माझ्या दातांच्या डॉक्टरांनी, तोंडात अवजार घालून झाल्यावर, मला विचारलं होतं, "आमच्या गावात दोन कॉलेजं आहेत, मग पाटीवर नाव का नाही?" मला उत्तर द्यायची सोय नव्हती. त्या दिवशी दाढ जरा जास्तच दुखली.

त्यांना जे सांगायचं राहिलं ते आज सांगतो. पाटीवर तीन ओळी असतात. चौथी लिहिली तर धावत्या गाडीतून वाचून होत नाही. पहिली ओळ जवळच्या गावाची, थांबणाऱ्यासाठी. शेवटची लांबच्या मोठ्या शहराची. ती वाचणारे बहुतेक जण तिथे जातही नाहीत, पण आपली दिशा बरोबर आहे एवढा धीर त्यांना मिळतो. म्हणून एकदा दिलेलं नाव ते शहर येईपर्यंत मध्येच टाकायचं नसतं. आणि मधली ओळ? भांडणं सगळी तिच्यासाठी. तिथे मोठं गाव लिहायचं असा लोकांचा समज आहे. नियम वेगळा आहे. जिथे रस्ता फुटतो, जिथे गाडी चालवणाऱ्याला काही ठरवावं लागतं, ते गाव मधल्या ओळीत हवं. मग तिथे चारशेच घरं असली तरी चालेल.

चारशे घरं मी उगाच म्हटलं नाही. ताईचं गाव तेवढंच आहे. पूर्वी आपला रस्ता त्या गावाच्या नदीकाठी संपायचा आणि पुढे बोट असायची. रस्ताच तिथे संपायचा म्हणून दोनशे किलोमीटर अलीकडपासून शेवटच्या ओळीत त्या गावाचं नाव. ताईचे यजमान, आमचे दाजी, यांचं तिथे गॅरेज होतं. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे की, आमचं गाव गावात शिरेपर्यंत दिसत नाही, पण दोनशे किलोमीटरवरून वाचता येतं.

आठ वर्षांपूर्वी पूल झाला. रस्ता पलीकडे बंदराच्या शहरापर्यंत गेला, आणि शेवटच्या ओळीत ते शहर आलं. ते बरोबरच होतं. मात्र त्याच वेळी ताईच्या गावात फाटा फुटला. एक रस्ता पुलावर आणि दुसरा डोंगराकडे.

अध्यक्षसाहेब, तुम्ही मघाशी मोठ्या कौतुकाने सांगितलंत की, या माणसाने सख्ख्या बहिणीच्या गावाचं नाव स्वतःच्या हाताने पाटीवरून काढलं, इतका हा निःस्पृह. टाळ्याही झाल्या. मी हात जोडले. पण त्या टाळ्या घेऊन घरी गेलो तर मला झोप लागणार नाही.

त्या बैठकीत आम्ही तिघे होतो. बाकीचे दोघे म्हणाले, फाटा आहे, नियमाप्रमाणे नाव मधल्या ओळीत राहू दे. नको म्हणणारा एकटा मी होतो. का? तर लोक म्हणतील, बहिणीसाठी ठेवलं. माझी बहीण तिथे राहते, मी यात बोलत नाही, असं सांगून मला गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसलो नाही. त्या जागी एका मोठ्या बाजारपेठेच्या शहराचं नाव पुढे केलं, वाद घातला आणि जिंकलो. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी एका गावाचं नाव पुसलं. याला निःस्पृहपणा म्हणत नाहीत. हा भित्रेपणा होता, आणि थोडा मिरवण्याचा सोसही.

रस्ता कुठे फुटणार हे पाटीवरून कळत नाही, म्हणून तेव्हापासून त्या फाट्यावर गाड्या चुकतात आणि डोंगराकडे जातात. तक्रारी येत होत्या. मी त्या वाचून फाईलला लावत होतो. चुकलेली माणसं परत फिरून दाजींच्या गॅरेजात रस्ता विचारायची. दाजी सगळ्यांना रस्ता सांगायचे, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. दाजी वारल्यावर मी ताईला भेटायला गेलो, तेव्हा गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवलेली जुनी पाटी दिसली. भंगारातून मागून आणली होती म्हणे. रोज पुसत असावेत. त्या दिवशी मी ताईला म्हणालो, मी फक्त नियम पाळला. ती म्हणाली, "पाळला असतास तर बरं झालं असतं." त्यानंतर सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. तिची बाजू बरोबर होती.

काल संध्याकाळी टेबल रिकामं करण्याआधी मी शेवटची टिपणी लिहिली. आठ वर्षांपूर्वी मी काय केलं, का केलं, आणि त्या फाट्याचा विचार नव्याने व्हावा, एवढंच त्यात आहे. निर्णय माझ्या खुर्चीवर येणाऱ्या बाईंनी घ्यायचा आहे. त्यांचं त्या गावात कोणी नातेवाईक आहे का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नसते, हे कळायला मला एकतीस वर्षं लागली.

निमंत्रण धाडलं होतं, पण ताई येईल असं वाटलं नव्हतं. आज सकाळी ती दारात उभी. मला दुसरं काही सुचेना, म्हणून विचारलं, रस्ता सापडला ना? ती म्हणाली, "यायला काय, तुझ्या शहराचं नाव प्रत्येक पाटीवर आहे. परत जाताना मात्र विचारत विचारत जावं लागेल."

तिला विचारत जावं लागणार नाही. उद्यापासून मला ऑफिस नाही, मी सोबत जाणार आहे.

आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर उदार मनाने पोटात घाला. ताई, तुझी माफी मात्र मी इथे माईकवरून मागत नाही. ती दाजींच्या गॅरेजात, त्या पाटीसमोर मागायची आहे. रस्ता मला पाठ आहे.