अमावस्येची तारीख

मी मूळचा भातकुलीचा. घर माळ्याचं, विहिरीच्या पाण्यावर वांगी-मेथीची वाडी, आणि त्या घरात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. व्हर्नाक्युलर फायनल झालो आणि अमरावतीला शाळेत मास्तर लागलो. माझं अक्षर चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या अक्षरापायी झालं. लोक अर्ज लिहून घ्यायला घरी यायचे, ओट्यावर बसून राहायचे, आणि मला वाटायचं, आपल्यावाचून यांचं काही चालत नाही.

करीमभाईचं सायकलदुरुस्तीचं दुकान कापूस बाजाराच्या तोंडाशी होतं. होतं म्हणतो, काल त्याच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाला, तरी जीभ वळत नाही. आता लढाईमुळे टायर मिळत नाहीत तर तो जुन्याच टायरला आतून तुकडे लावून चालवून द्यायचा, शेवटच्या आठवड्यातसुद्धा. पण मी सांगतो आहे ती गोष्ट लढाईच्या बऱ्याच आधीची आहे.

काय सांगू तुम्हाला, तेव्हा हंगामात त्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची, एकामागे एक, आणि लोखंडी धावेच्या चाकांनी चाकोऱ्या अशा खोल पडायच्या की सायकलचं चाक एकदा आत गेलं की बाहेर निघायचं नाव नाही. मग माणूस पडायचा आणि मागून बंडी यायची. भाजीवाले, फुलवाले, सरकी काढायच्या जिनातले कामगार, आम्ही मास्तर, सगळेच पडायचो. करीमभाई चाकं सरळ करून करून थकला आणि एक दिवस मला म्हणाला, मास्तर, सायकलीले म्युनिसिपल कमिटीचा बिल्ला लावा लागते, मंग सायकलीले वाट काहून नाही? रस्त्याच्या कडेनं चार हात मुरमाची पट्टी टाका म्हणा, आन बंडी चढू नये म्हणून मधात दगड रोवा. तुमी लिहा, मी लोकं आणतो.

मी तीन दिवस बसून अर्ज लिहिला. एकही खाडाखोड नाही. दुकानासमोर उभा राहून वाचून दाखवला, तर लोक ऐकत होते माझं आणि पाहत होते करीमभाईकडे. त्यानं मान हलवली की अंगठा पुढे. एक म्हातारा तर म्हणाला, वाचू नका मास्तर, करीमभाई म्हन्ते म्हन्जे बराबरच असन. आणि दुसऱ्या दिवसापासून बाजारभर नाव झालं, करीमभाईचा अर्ज. घरी आलो तर बायकोही तेच म्हणाली, करीमभाई लोकांसाठी किती करतात. मी जेवलो नाही, पोट दुखतं म्हणालो. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, हो, आणि माझ्या ओळीवर तो मोठा झाला, हे मला रोज सलायचं. तो माझं पंक्चर फुकट काढायचा, त्याचासुद्धा राग यायचा.

कमिटीनं कळवलं, पाहणीला येतो, दिवस तुम्ही सुचवा. करीमभाई म्हणाला, तुमीच ठरवा, मास्तर. मी पंचांग उघडलं. आमच्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत. वडील त्या दिवशी बैलांना धुवायचे, शिंगांना तेल लावायचे, आणि कापूस बाजारही बंद असायचा. हे मला लहानपणापासून माहीत. मी अमावस्येचीच तारीख घातली, आणि करीमभाईला नुसता इंग्रजी तारखेचा आकडा सांगितला. चुकून नाही. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

मंडळी टांग्यातून आली. रस्ता साफ मोकळा. मधोमध एक कुत्रं झोपलेलं. अध्यक्ष म्हणाले, याला तर कुणी उठवतसुद्धा नाही, तुम्हाला पट्टी कशाला हवी? सगळे हसले. करीमभाई हातात पाना घेऊन उभा होता. तो कुत्र्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

दोन दिवसांनी मी हवा भरायला गेलो. त्यानं हवा भरली, चाक दाबून पाहिलं आणि खाली मान घालूनच म्हणाला,

चांद आमीबी पाहतो, मास्तर. अमावस्येले बैल जुंपत नाही, हे तुमाले ठाऊक होतं.

त्यानंतर मेला तोवर त्यानं तो विषय काढला नाही.

माघात सदाशिव पडला. माझ्याच गावचा, फुलांची टोपली सायकलला बांधून यायचा. चाकोरीत चाक अडकलं, हात टेकला, आणि हातावरून भरली बंडी गेली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर करीमभाई कोरा कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला. म्हणाला, पुन्हा लिहा. मी विचारलं, तारीख? तर म्हणाला, ते तुमीच टाका. दुसऱ्या कोणाले विचारत नाही मी.

या वेळी बाजाराचा दिवस घातला. कमिटीचा ओव्हरसीअर स्वतःच्या सायकलवर आला, शंभर पावलांत चाकोरीत अडकला, धोतर साखळीत गेलं, आणि मागचा बंडीवाला ओरडला, उतरा साहेब, बैल नवे आहेत. पुढच्या हंगामाआधी पट्टी झाली. नाव काय पडलं ते तुम्हाला माहीतच आहे. करीमभाईची पट्टी.

मयतीला त्या पट्टीवर दगडांना टेकवून सायकलीच सायकली होत्या, कब्रस्तानापर्यंत. मी रडत होतो, आणि रडता रडता मनात येत होतं, माझ्या वेळी एवढे येतील का? खोटं कशाला सांगू, आलं मनात.

आणि काल चाळिसाव्याला सदाशिवनं सगळ्यांसमोर माझा हात धरला, त्याच तीन बोटांच्या हातानं, आणि म्हणाला, करीमभाईचं नाव झालं, झालं पायजे, पन मास्तरनं लिहिलं म्हणून पट्टी झाली, नाही तं माहे बाकीचे बोटं राह्यले नसते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. इतकी वर्षं जे ऐकायला मी झुरलो ते कानांवर पडलं आणि मला मान वर करता आली नाही. हे माझ्या अक्षरात लिहवेना, म्हणून आज तुमच्याकडून लिहून घ्यायला आलो.

करीमभाईला अल्ला जागा देवो. त्याच्यासारखं मन मला मिळालं नाही, त्याचाही हेवाच वाटतो, आता या वयातही.

तुमचं लिहून झालं की हे कागद माझ्याकडे द्या. सदाशिवला वाचता येत नाही. काही आलं की तो माझ्याकडेच आणतो, मास्तर, वाचा म्हणतो. हेही त्याला मलाच वाचून दाखवावं लागेल.