माझी शर्यत, आईचा चहा

नाही, मी म्हणतो चहाच का? सोडायचंच होतं तर पडवळ सोडायचं, दुधी सोडायचा, ती दुपारची मालिका सोडायची, घरातल्या सगळ्यांनी देवाचे आभार मानले असते... पण नाही, माझ्या आईनं चहा सोडला. वय एकोणऐंशी, चहा दिवसाला पाच कप, तोही आलं घालून, आणि साखरेचं डॉक्टरांना कळवायचं नाही अशी आम्हाला ताकीद. आणि सोडला कशासाठी? तर मी सायकलच्या शर्यतीत नाव घातलं म्हणून. तुम्हाला सांगतो, चहा सोडलेली म्हातारी घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असते ना, त्यालाच कळतं. ती भांडत नाही. आम्ही चहा प्यायला बसलो की समोर येऊन बसते, आणि म्हणते, "घ्या, घ्या. माझं काय."

आता मूळ चूक कोणाची, तर माझी नाही, आमच्या ऑफिसातल्या यज्ञेशची. वय सत्तावीस, पोट नाही, संसार नाही, सकाळी पाचला उठून बोरिवलीहून मढपर्यंत सायकल मारून येतो आणि साडेनऊला ऑफिसात हसत बसलेला असतो. त्यानं मला त्याच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. मी सेहेचाळीस वर्षांचा, विम्याच्या कंपनीत, खुर्चीला आणि मला एकमेकांची इतकी सवय की रजेवर असलो की ती आणि मी दोघंही अस्वस्थ. पण घेतली सायकल. ते घट्ट कपडे घेतले. पहिल्यांदा घातले तेव्हा माझ्या बायकोनं, दर्शनानं, उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

तीन आठवडे चालवली, आणि त्या ग्रुपवर आलं की मढच्या रस्त्यावर शर्यत आहे, चाळिशीच्या पुढच्यांचा वेगळा गट आहे. मी नाव घातलं. इथवर ठीक. पण संध्याकाळी चहाच्या वेळी, कोणीही विचारलेलं नसताना, मी जाहीर केलं, "पहिल्या दहात येणार." दर्शना म्हणाली, "खारी देऊ का?" आणि आईनं भरलेला कप खाली ठेवला, उठली, देवघरासमोर हात जोडून उभी राहिली, परत आली आणि म्हणाली, "आजपासून माझा चहा बंद."

"नवस बोललीस काय गं?"

"बोललेला नवस सांगायचा नसतो. फळत नाही."

संपलं. आमच्या घरात नवस हा आई आणि देव यांच्यातला मामला, बाकीच्यांनी काय बंद झालंय त्यावरून ओळखायचं. आणि यात ओळखायचं काय होतं? मी म्हणालो दहा, तिनं सोडला चहा. शेंबड्या पोरालाही कळेल.

मग गेलो व्हर्ननकडे. व्हर्नन हा ग्रुपचा कोच, मढचा, जन्म गेला सायकलवर. त्यानं विचारलं, "अंकल, किती दिवस चालवताय?" माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे, पण अंकल. म्हटलं, तीन आठवडे. "मग पहिल्या रेसमध्ये फक्त पूर्ण करायचं. अंकल, टार्गेट आपल्या मापाचं घ्यायचं." म्हटलं, मला पहिल्या दहात यायचंय. त्यानं माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, पोटाकडे बघितलं. "तुमच्या गटात साठेक लोक आहेत. त्यातले वीस जण कॉलेजपासून रेस मारतायत. ते काय आजारी पडणार आहेत सगळे?"

त्याची पद्धत काय, तर या आठवड्यात जेवढं जमलं त्याच्याहून पुढच्या आठवड्यात थोडंसंच जास्त. यज्ञेशकडे बघायचं नाही, कालच्या स्वतःकडे बघायचं. आठवड्यातून दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही. आणि झोपायचं. झोप हासुद्धा व्यायाम आहे म्हणे... हे मला मनापासून पटलं, एवढं एकच पटलं. पण झोपणार कसा? शेजारच्या खोलीत आई डोक्याला सुंठेचा लेप लावून कण्हतेय! चहा सुटला की डोकं धरतं ना. पहिला आठवडा डोकं, दुसऱ्या आठवड्यापासून राग. दूधवाल्याला बोलली, वॉचमनला बोलली, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या त्या मुलीला बोलली.

बरं, हे घरात राहावं? समोरच्या जयंतीबाई आल्या, "आजी, चहा टाकू?" तर आई म्हणते, "सोडलाय. मुलगा शर्यतीत आहे ना." जयंतीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आईच्या हातातून कप हिसकावून घेतलाय. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सगळे, "मग काय, आजींना चहा कधी?" सायकल कशी चाललीय, हे एकानं विचारलं नाही.

मी एकदा आईशी तडजोड करून बघितली. म्हटलं, "आई, समजा दहात नाही आलो, नुसती पूर्ण केली, तर देव चालवून घेईल का?"

"मी तुला काही विचारलं का?"

"नाही, पण चहा..."

"माझ्या चहाचं मी बघते. तू तुझं बघ."

आता यात माणूस मापाचं टार्गेट घेणार कसा? मला थोडं थोडं वाढवायला सांगितलेलं. मी नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ एकदाऐवजी दोनदा चढायला लागलो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. गुडघा सुजला. व्हर्नन म्हणाला, "किती वाढवायला सांगितलेलं?" म्हटलं, थोडं. "किती वाढवलं?" दुप्पट. "का?" म्हटलं, आई. त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आमची मम्मी लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासात, मटण सोडते. चाळीस दिवस घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. पण अंकल, गुडघा आंटीचा नाही, तुमचा आहे. टार्गेट आपल्या मापाचं." आणि घरी बसवलं मला आठवडाभर. आईसमोर. घ्या, घ्या, माझं काय.

शर्यतीचा दिवस. शिट्टी वाजली आणि सगळे गेले. गेले म्हणजे दिसेनासे झाले. मला आधी वाटलं काहीतरी विसरलं असेल, घ्यायला गेले असतील. एका वळणावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईनं मला हाक मारून सांगितलं, "बाकीचे गेले हो पुढे." म्हटलं, माहीत आहे. परतीच्या फेरीला पुन्हा तीच बाई, पुन्हा तेच. पुढच्या वळणावर व्हर्नन उभा. "अंकल, मापाचं, मापाचं!" आणि काय झालं माहीत नाही, मी ते दहाबिहा सोडून दिलं. नुसता पुढचा खांब, मग पुढचा खांब, असं करत गेलो... आणि पूर्ण केली. अठ्ठावन्नावा आलो. माझ्या मागे सहा जण होते, त्यातले दोघं पंक्चर, आणि एक डॉक्टर होता तो थांबून पेशंटशी फोनवर बोलत होता. पण तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. मी दहावीला पास झालो तेव्हा इतका खूश नव्हतो. व्हर्ननने पाठीवर थाप मारली, "टार्गेट पूर्ण, अंकल." मी ठरवलं, बस. आता देवाशी मी स्वतः बोलतो, आणि आज आईला चहा पाजतो.

दर्शनाला फोन करून सांगितलं होतं, त्यामुळे बिल्डिंगच्या गेटपाशी सगळी मंडळी. मध्यभागी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आई. जयंतीबाई हातात कपबशी घेऊन तयार, आल्याचा वास कोपऱ्यापासून येत होता. मी रुबाबात वळलो. ब्रेक लावला.

आता एक सांगायचं राहिलं. या शर्यतीच्या सायकलीवर बूट पेडलमध्ये अडकवलेले असतात. थांबायच्या आधी टाच बाहेर वळवून पाय सोडवायचा असतो. शर्यतभर माझ्या लक्षात होतं. आईला बघितलं आणि विसरलो. सायकल थांबली. मी वर, पाय अडकलेले. क्षणभर काहीच झालं नाही. मग मी आणि सायकल, दोघं मिळून, काहीही घाई न करता, डाव्या बाजूला तुळशीच्या कुंडीवर आडवे झालो.

खालूनच म्हटलं, "आई, पूर्ण केली. घे चहा."

आईनं जयंतीबाईंकडून कप घेऊन ओठांपर्यंत नेला होता. तो तिनं बशीत ठेवला. "नाही रे घेता येत."

"दहात नाही आलो हे खरं, पण..."

"दहात? तू? अरे, शाळेत तीन पायांच्या शर्यतीत तू जोडीदाराला घेऊन उलट्या दिशेनं पळालास, मी बघितलंय. मी देवाला असलं काही सांगून अडचणीत टाकीन होय? मी एवढंच मागितलं होतं, माझं पोर न पडता घरी येऊ दे. आता सांगायला हरकत नाही. फळलाच नाही." मग माझ्या कोपराकडे बघून म्हणाली, "हळद लावा रे त्याला," आणि तिचे डोळे भरले. जयंतीबाईंनी तो चहा वॉचमनला दिला.

संध्याकाळी व्हर्ननला फोनवर सगळं सांगितलं. आधी त्यानं गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाला, "अंकल, तुमच्या घरात आंटीचंच टार्गेट मापाचं होतं."

तर मी पुढच्या शर्यतीत नाव घातलंय. कितवा येईन, याबद्दल माझं आता काही म्हणणं नाही. रोज संध्याकाळी गेटपर्यंत येतो, टाच वळवतो, पाय सोडवतो, जमिनीवर टेकतो, एवढाच सराव. आई गॅलरीतून बघते, हातात गरम पाणी. गेल्या आठवड्यात चार दिवस उभा राहिलो, तीन दिवस आडवा झालो. व्हर्नन म्हणतो, सुधारणा आहे, पण आंटीला म्हणावं, एवढ्यात आधण ठेवू नका.