बुंदीच्या दुधातली गोळी

"हॅलो?… हां, करिश्मा, बोल… मोठ्यानं बोल गं, ट्रक चाललेत इथं."

हर्षाली उमरग्याच्या जनावरांच्या दवाखान्याबाहेर, हायवेच्या कडेला उभी होती. पायाशी जाळीची पेटी, आत पोटाला पट्टी बांधलेली बुंदी मांजर. फोनवर घरून धाकटी जाऊ, शंभूची बायको.

"हो, हो… आला रिपोर्ट. कॅन्सरच हाय. गर्भपिशवीचा… अगं, बायांना होतो तसा मांजरींनाबी होतो म्हणले डॉक्टर, पण क्वचित… पिशवी मागच्याच आठवड्यात काढली न्हाय का! बघितली म्या. लिंबाएवढी गाठ, अन् वास… शी!… काय? घरी आणू नको? कोण म्हणतंय, शंभुभाऊजी?… अगं ऐक ना, लेकरांना न्हाय लागत तो. म्या विचारलंय… मग काय, पोत्यात घालून इथंच सोडू हिला?"

एक टँकर धडधडत गेला. तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. डॉक्टर विचारत होते, हिला माज थांबवायची गोळी कुणी देत होतं का? म्या म्हणलं, आमच्यात कोण देतंय… काय? देत होते?… कोण?"

पुढचं ऐकताना हर्षालीचं तोंड कडू होत गेलं.

"भाऊजींनी?… दुधातनं?… तू लग्न होऊन आलीस तवापासनं?… माजावर आली की ओरडती म्हणून. झोपमोड होती म्हणून!… अन् मी माहेरी कौतुक सांगायची, दीर किती मायेनं दूध पाजतोत मांजरीला. किळस येती गं मला… न्हाय, त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत न्हाय म्हणले. पण धोका वाढतो. मनानं वर्षानुवर्षं द्यायची गोळीच न्हाय ती… रडू नको. सांगितलंस तरी… आणखी काय?… चिंगीला? बुंदीच्या लेकीलाबी?… आत्ता वाटीत घातलीय? प्याली का ती?… अगं मला काय सांगत बसलीस, पळ! मी हाय फोनवर."

बुंदीनं पेटीत कूस बदलली. हर्षालीचं तिकडं लक्ष नव्हतं.

"उचललीस वाटी?… भरलेली हाय ना? ओत मोरीत. सगळं ओत… गोळ्यांचं पाकीट?… चुलीत टाकलंस? तुझ्या हातानं? शाब्बास गं बाई!… कोण ओरडतंय?… दे. दे त्यांच्याकडं फोन… व्हय भाऊजी, म्याच सांगितलं ओतायला. बुंदी आज घरी येणार. जगंल तितके दिवस माझ्या खोलीत ऱ्हाईल. अन् इथून पुढं कुठल्याच मांजरीच्या वाटीला तुम्ही हात लावायचा न्हाय… काय म्हणलात? मांजरच तर हाय?"

पलीकडचा आवाज चालूच होता. हर्षालीनं फोन कानापासून लांब धरला, घाणीत पडलेली वस्तू उचलावी तसा, दोन बोटांत. मग बंद केला, अन् पेटी काखेत धरून गावाच्या गाडीकडं चालू लागली.